टिल्लीची ओली चिंधी

आठ दिवस झाले, पाऊस खळेना. येसूबाईच्या घरात भिंतींना ओल आली. मिठाला पाणी सुटलं. पापड मऊ पडले.

कोपऱ्यातल्या बिळात टिल्ली उंदरीची चिंधीही ओली झाली. एकुलती एक चिंधी! तिच्यावर पिल्लू निजायचं. आता ते कुडकुडत होतं. कुई कुई, कुई कुई.

टिल्ली चिंधी घेऊन निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

शेगडीवर टोपली पालथी घातली होती. पावसाळ्यात बाळाचे लंगोट तिच्यावरच वाळायचे.

"टोपलीताई, टोपलीताई, चिंधी वाळव ना! पिल्लू माझं निजेना."

टोपली म्हणाली, "शेगडी तापेल, तर मी वाळवीन."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"शेगडीताई, शेगडीताई, ताप ना! टोपली वाळवीना, पिल्लू माझं निजेना."

शेगडी म्हणाली, "कोळसा पेटेल, तर मी तापेन."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"कोळसेदादा, कोळसेदादा, पेट ना! शेगडी तापेना, टोपली वाळवीना, पिल्लू माझं निजेना."

कोळसा म्हणाला, "काडी पेटेल, तर मी पेटेन."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"काडीताई, काडीताई, पेट ना! कोळसा पेटेना, शेगडी तापेना, टोपली वाळवीना, पिल्लू माझं निजेना."

काडी म्हणाली, "मी सादळलेय. येसूबाई मला केसांत घासून कोरडी करेल, तर मी पेटेन."

येसूबाई बाळाला झोके देत होती.

"येसूबाई, येसूबाई, काडी घास ना! काडी पेटेना, कोळसा पेटेना, शेगडी तापेना, टोपली वाळवीना, पिल्लू माझं निजेना."

"चल, हट! बाळाचा एक लंगोट आहे अजून कोरडा. तुझ्या चिंधीसाठी मी कशाला उठू?"

मोठ्यांचं हे असंच. आपल्या पायाखाली ओल येईपर्यंत सगळं कोरडंच!

टिल्लीला रडू आलं. मग आला राग. पाळण्याच्या दांडीवर तो कोरडा लंगोट होता. टिल्लीने तो ओढला. सर्रर्र! बिळात नेला, पिल्लावर घातला.

तेवढ्यात बाळ भिजलं. ट्यॅहां! ट्यॅहां!

"अगं बाई! लंगोट कुठे गेला?"

आता येसूबाई उठली. येसूबाईने काडी केसांत घासली, मग पेटीवर ओढली. काडी पेटली, फुर्र! काडीने कोळसा पेटला, रसरस! कोळशाने शेगडी तापली. शेगडीने टोपली तापली. टोपलीवर बाळाचे ओले लंगोट पडले.

एका कडेला टिल्लीने हळूच चिंधी टाकली. कोणी नको म्हटलं नाही. कोणी बघितलंच नाही.

चिंधी वाळली. छान उबदार झाली. टिल्लीने ती पिल्लाखाली घातली. बाळाचा लंगोट पाळण्याखाली आणून ठेवला.

"अगं बाई, हा इथेच होता होय!" येसूबाई म्हणाली.

टिल्ली म्हणाली, "माझं पिल्लू रडलं, तेव्हा काडी सादळलेली. बाळ रडलं, तशी लगेच पेटली!"

टोपली वाळवत राहिली. शेगडी तापत राहिली. कोळसा रसरसत राहिला. काडी तर जळून गेलेली.

टिल्ली बिळात गेली. पिल्लू गाढ झोपलं होतं.

चिंधी झाली कोरडी, गोष्ट झाली एवढी!