पणजोबांचा हंडा

सुरंगीच्या झाडाखाली नाजूक पिवळसर फुलांचा सडा पडला होता, आणि त्या सड्यावर चिमुकली चंद्री मुसमुसत बसली होती. रडेल नाही तर काय करील, सांगा? तिचे आबा चित्रकथी. रंगीत चित्रं एकेक करून दाखवत ते शाळाशाळांतून गावाचा इतिहास सांगायचे, त्यावरच घरची चूल पेटायची. पण तापात त्यांचा आवाज गेला तो गेलाच. आज शाळेत कार्यक्रम, आणि आबांच्या तोंडून साधी कुजबुजही निघेना.

तेवढ्यात फांदीवरच्या कोळ्याच्या जाळ्यात काहीतरी चमचमलं. बोटाएवढी इवलीशी परी होती ती, रुपेरी पंख जाळ्यात अडकलेले. चंद्रीने डोळे पुसले नि एकेक धागा अलगद सोडवला. कोळ्यालाही धक्का लागू दिला नाही, बरं का.

"गुणाची गं बाय," परी किणकिणली. "काय हवं तुला?"

"आबांचा आवाज."

"देईन. पण अट आहे. आजची गोष्ट तू सांगायचीस, आणि घडली तशीच. एक शब्द जरी खोटा घातलास, तर चित्रांचे रंग उडून जातील आणि तुझी इच्छाही."

शाळेच्या पटांगणात आबांनी चित्रं धरली, चंद्रीने गोष्ट सुरू केली. आणि काय नवल, चित्रं हलू लागली. मोरपंखी तळं आटत गेलं, गुरं हंबरली, गुलाबी लुगड्यातली कुंभारीण आपल्या घरचं पाणी शेजाऱ्यांना वाटू लागली. मुलं आ वासून बघत राहिली.

मग आलं ते चित्र. दाराआड हंडा लपवणारा माणूस. तो चंद्रीचाच पणजोबा होता. तिची जीभ अडखळली. सगळी शाळा हसेल आपल्याला. 'कुणीतरी परका' म्हटलं तर कुणाला कळणार आहे? मनात हे येतं न येतं तोच चित्राच्या कडेचा निळा रंग फिका पडू लागला.

"हे माझे पणजोबा," चंद्री हळूच म्हणाली. "शेजारचं बाळ तहानेनं रडत होतं. ते ऐकूनही यांनी पाणी लपवलं."

कुणी हसलं नाही. पुढे बसलेल्या एका मुलीने मात्र दप्तरातून लाल पेन्सिल काढली आणि मान खाली घालून शेजारणीला परत दिली.

चित्रातून सोनेरी उजेडाची लाट उठली, तीत परी खुदकन हसली नि विरून गेली. चंद्रीच्या डोळ्यांत पाणी होतं.

तेव्हा पाठीमागून आबांचा आवाज आला, मऊ, भरून आलेला. "हे चित्र तुझ्या पणज्यानं स्वतःच्या हातानं काढलंय, बाय. आपण चुकलो ते पोरांना सांगता यावं म्हणून."

मुलं सरसावून बसली, आणि आबा पुढचं सांगू लागले.