दुसऱ्यांदा आवळायचा तंग

डोंगराच्या कुशीतल्या एका लहानशा राज्यात रायाजी नावाचा राजा होता. राज्य एवढेसे, पण रीतीभाती ढीगभर. त्यातली एक ऐकली की परगावचा माणूस तोंडात बोटच घालायचा. दसऱ्याला राजा घोड्यावर बसून शीव ओलांडायला निघे. तो एकदा खोगिरावर बसला, की ते खोगीर म्हणजे सिंहासन. शीव ओलांडून होईपर्यंत त्या खोगिराला कोणी हात लावायचा नाही, आणि राजाला खाली उतरा असे म्हणायचे नाही. म्हणेल त्याचा उजवा हात तोडायचा. कोणत्या शहाण्याने ही रीत काढली होती देव जाणे. घोड्याला मात्र ती कोणी समजावून सांगितलेली नव्हती.

रायाजीचा बाप अशाच एका दसऱ्याला नदीकडच्या उतारावर घोड्यावरून पडला आणि जागीच गेला. घोडा बिथरला, असे सगळे म्हणाले. रायाजी तेव्हा नऊ वर्षांचा होता. गादीवर बसल्यावर त्याने पहिला हुकूम दिला तो त्या घोड्याला, काजळ्याला, ठार मारण्याचा.

या गोष्टीला तीस वर्षे झाली. आता राजाच्या पागेत पाखऱ्या नावाचा उमदा घोडा होता आणि त्याची देखभाल गोजरा करत असे. तिचा वारलेला बाप येसू हाही याच पागेत मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा, होता. घोड्याचे दाणापाणी, खरारा, खोगीर, सगळे तिच्या हाताखालून जाई. खोगीर चढवले की ती पोटाखालून तंग, म्हणजे खोगिराचा पट्टा, आवळायची, मग घोड्याला घेऊन पागेसमोरच्या वडाभोवती एक फेरी मारायची आणि तंग पुन्हा आवळायची. कारण पोटाला पट्टा लागला की घोडा पोटात हवा भरून घेतो. चार पावले चालला की ती हवा सोडतो, आणि घट्ट वाटणारा तंग ढिला पडतो. बापाने तिला हे एवढेच शिकवले होते, पण रोज शिकवले होते.

त्या दसऱ्याला तिने पहिल्यांदा तंग आवळला आणि पाखऱ्याला फेरीला नेण्यासाठी लगाम धरला. तेवढ्यात मुहूर्त टळू नये म्हणून जोशीबुवांनी घाईने शंख फुंकला. राजा लगबगीने आला, रिकिबीत पाय अडकवून वर चढला. पाखऱ्याच्या पोटात अजून हवा होती म्हणून खोगीर हलले नाही. पाखऱ्या दोन पावले पुढे सरला आणि त्याने मोठा सुस्कारा सोडला. पोटाखालच्या पट्ट्यात आता चार बोटे सहज शिरली असती.

गोजराला ते दिसले. म्हाताऱ्या पागेदारालाही दिसले. त्याने नजर आभाळाकडे वळवली, जणू तिथेच काही काम निघाले होते.

गोजराने लगाम सोडला नाही. ती म्हणाली, "म्हाराज, खाली उतरा."

ताशा थांबला. बायकांच्या हातातली ओवाळणीची तबके तशीच राहिली. प्रधानजींचा तर चेहराच पांढरा पडला. "अगं, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" ते कसेबसे म्हणाले. "काय बोललीस ते कळतंय तुला?"

"कळतंय जी. तंग सैल हाय."

राजाला भर सभेत कोणी थोबाडीत मारल्यासारखे झाले. "गोजरा," तो म्हणाला, "लहानपणापासून मी घोड्यावर बसतो आहे. तंग सैल असता तर मला कळलं नसतं?"

"सरळ बसल्यावर न्हाई कळत, म्हाराज. उतारावर कळतं. डाव्या रिकिबीवर उभं ऱ्हाऊन बघा. मी खोटी निघाले तर हात हाय माझा."

तिला खोटे पाडायचे म्हणूनच राजा सगळा भार देऊन डाव्या रिकिबीवर उभा राहिला. खोगीर गर्रकन फिरले आणि पाखऱ्याच्या पोटाखाली गेले. राजा धुळीत, पागोटे दूर आणि पाय अजून रिकिबीत. पाखऱ्या दचकला, पण गोजराने लगाम घट्ट धरला, त्याच्या मानेवर हात ठेवला आणि ती हळू आवाजात त्याच्याशी बोलत राहिली. तो थरथरत जागच्या जागी उभा राहिला. तोवर दोघा सेवकांनी धावत येऊन राजाचा पाय सोडवला.

राजा तसाच धुळीत बसून खोगिराकडे बघत होता. उभ्या घोड्यावर ही गत, मग उतारावर, भरधाव?

"हे आणखी कोणाला दिसलं होतं?" त्याने विचारले.

पागेदाराने मान खाली घातली.

"मग बोलला का नाहीस?"

उत्तर गोजराने दिले. "तेंच्यावर रागावू नका, म्हाराज. थोरल्या म्हाराजांच्या वक्ताला माझा बा असाच लगाम धरून हुता. त्यालाबी दिसलं हुतं."

राजाला क्षणभर काही समजलेच नाही. मग समजले.

"काजळ्या बिथरला नव्हता?"

"न्हाई. खोगीर फिरलं हुतं. थोरलं म्हाराज पडल्यावर काजळ्या तिथंच थांबला. तेंच्यापाशीच उभा हुता. मरताना बानं सांगितलं मला."

राजाने तीस वर्षे त्या घोड्याला शिव्याशाप दिले होते. मारायला नेताना काजळ्या मुकाट्याने माणसांमागून चालत गेला होता. ते त्याने स्वतः गच्चीवरून पाहिले होते, आणि पाप्याला पाप कळले म्हणून असा चालतो आहे, असे त्याला तेव्हा वाटले होते.

"येसूनं त्या वेळी का नाही सांगितलं?" राजाने विचारले.

"हात जाईल म्हणून. हात ऱ्हायला, म्हाराज. पर त्यानं त्यो परत कुठल्या घोड्याला लावला न्हाई. मला शिकवायचा, त्येबी लांब उभा ऱ्हाऊन."

राजा उठला. त्याने कोणाला शिक्षा केली नाही. करायची तर कोणाला करायची, रीत त्याच्याच घरातली होती. त्याने स्वतः खोगीर सरळ केले आणि तंग आवळला. मग सगळ्या गावादेखत पाखऱ्याला वडाभोवती फिरवले. फेरी संपल्यावर तो बाजूला झाला आणि गोजराला म्हणाला, "आता तू आवळ." तिने तंग आवळला, पट्ट्याखाली बोटे घालून पाहिली आणि मान हलवली. मगच राजा चढला. मुहूर्त केव्हाच टळून गेला होता.

तेव्हापासून त्या राज्यात दसऱ्याला राजा आधी मोतद्दाराला विचारतो, "बसू का?" आणि शीव ओलांडताना सोन्याचे पहिले पान काजळ्याच्या नावाने ठेवतो. काजळ्याला त्याचा आता काय उपयोग, असे एकदा राणीने विचारले. "त्याला नाही," राजा म्हणाला, "मला आहे."

तात्पर्य: ज्याला धोका दिसतो त्याने समोर राजा असला तरी वेळेवर बोलावे, आणि राजाने खाली उतरून ऐकावे, नाहीतर आपल्या भीतीची आणि आपल्या मानाची शिक्षा एखाद्या मुक्या जिवाला भोगावी लागते.