तीन दिवसांची ओळख

निवृत्त आयुक्त वामनराव टिल्लू जातील तिथं आपला हुद्दा आधी पुढं करत. जॉर्डनच्या वाळवंटातलं पडकं प्राचीन शहर बघून मंडळी दमली, तेव्हा अबू सालेम नावाच्या म्हाताऱ्यानं त्यांना आग्रहानं आपल्या तंबूत चहाला नेलं. तिथं त्यानं वामनरावांना गाडीच्या ड्रायव्हरशेजारी एकाच सतरंजीवर बसवलं आणि त्यांचा पारा चढला.

"मी कोण आहे, माहीत आहे का?" असं म्हणत त्यांनी इंग्रजीतून बंगला, शिपाई, लाल दिव्याची गाडी, सगळं ऐकवलं. त्यांच्या पत्नी शरयूताई नेहमीसारख्या मान खाली घालून बसल्या.

पर्यटकांकडून शिकलेल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हातारा शांतपणे म्हणाला, "साहेब, आमच्यात पाहुण्याला तीन दिवस 'तू कोण' असं विचारत नाहीत. माणूस हळूहळू कळावा म्हणून. तुम्ही तर पहिल्या घोटातच संपलात! की अजून काही आहे?"

वामनरावांनी तोंड उघडलं, पण अजून काही सापडेना.

म्हातारा शरयूताईंकडे वळला. "या बहिणीचे मात्र तिन्ही दिवस शिल्लक आहेत."

'साहेबांच्या मिसेस' यापुढं त्यांना उभ्या जन्मात कुणी काही विचारलं नव्हतं. लग्नाआधी आपण भर पुरात कृष्णा पोहून जायचो, एवढं तरी सांगावं, असं अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात वामनराव तरातरा बाहेर पडले आणि गाडीचा हॉर्न वाजू लागला.

"येते हं," शरयूताई सवयीनं मराठीतच म्हणाल्या. आता कुठलं येणं होतंय, हे अर्धा पेला खाली ठेवताना त्यांना कळत होतं.