सव्वा तासाचं अंतर

"महाराज, हैदराबादहून कोल्हापूर किती लांब, तुम्हीच सांगा!"

गावच्या जैन मंदिरात मुनिमहाराज पाटावर बसले होते.

"साडेचारशे किलोमीटरच्या आत. विमानानं सव्वा तास." जिनेंद्र मगदूमनं स्वतःच सांगून टाकलं. हैदराबादला विमान कंपनीत वेळापत्रकं आखायची नोकरी त्याची. असले आकडे जिभेवर असायचे. "आईला मी म्हटलंच होतं, तू नुसती हाक मार, दुपारच्या चहाला दारात हजर!"

आईनं हाक मारली होती हो. अंथरुणाला खिळली त्याच दिवशी तिनं दोन निरोप धाडले, एक पोराला, एक महाराजांना. पोरानं तिकीट काढलं आणि तीनदा तारीख बदलली. कधी मीटिंग, कधी साहेब, कधी नुसताच कंटाळा. जवळच तर आहे, जाऊ की! निरोप आल्यापासून बाराव्या दिवशी उतरला तो थेट स्मशानात गेला. त्याला आता आठवडा झाला होता, आणि घरात कुणी त्याच्याशी धड बोलत नव्हतं.

"निरोप आला तेव्हा तुम्ही कुठं होता, महाराज?"

"सोलापूरच्या पलीकडं."

"मग आलात कसे?"

विचारलं आणि त्यानं जीभ चावली. मुनी वाहनात बसत नाहीत, हे त्याच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

महाराजांनी पाय पुढं केले. टाचा फुटल्या होत्या. भेगांत रक्त सुकलं होतं.

"दहा दिवस लागले," ते म्हणाले.

जिनेंद्रला लाज वाटली. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त राग आला. या म्हाताऱ्यानं अनवाणी चालत येऊन अख्ख्या गावासमोर त्याच्या तोंडाला काळं फासलं होतं.

"एकच विचारायचंय..." तो पाटाजवळ सरकला. "जाताना आई सगळ्यांना क्षमा करून गेली म्हणतात. एकेकाचं नाव घेऊन."

"हो. जावांना केली. बांध कोरणाऱ्या शेजाऱ्याला केली. लग्नात तिचा पाणउतारा करणाऱ्या नणंदेलासुद्धा केली."

"आणि मला?"

पाटावरून एक मुंगी चालली होती. महाराजांनी मोरपिसांची पिंछी उचलली आणि तिला हळूच बाजूला केलं. मग पिंछी मांडीशी ठेवली...

"महाराज, मला केली का? तेवढं सांगा. मी पाया पडतो तुमच्या."

"तुझं नाव मी दोनदा काढलं," महाराज म्हणाले. "दोन्ही वेळा म्हणाली, 'त्याला समोर बसवून करीन. वाटेत असेल तो.'"