नक्षीकाराचा मोर

संगणकाच्या दरबारात पूर्वीपासूनच काम करणारे थोडे आणि ललकाऱ्या देणारे फार. तिथे एकदा नक्षीकार नावाचा नवा प्रोग्राम आला.

येवल्याच्या विणकर हेमलताताईंनी लेकीच्या पैठणीसाठी त्यात पदराचा मोर काढला. काम संपताच जतनाची खिडकी उघडली. तिने अदबीने विचारलं, "कुठल्या फोल्डरमध्ये ठेवायचं? नाव काय द्यायचं?" ताईंनी सांगितलं. खिडकीने ते नाव आणि तो पत्ता नक्षीकाराच्या हाती दिला आणि ती मिटली.

"नाव आलं, पत्ता आला, आता राहिलं काय?" असं म्हणून नक्षीकाराने तोऱ्यात जाहीर केलं, "जतन झालं!" ताईंनी निर्धास्तपणे संगणक बंद केला.

दुसऱ्या दिवशी फोल्डर रिकामा. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. नक्षीकार खिडकीवर खेकसला, "अगं, मोर कुठे ठेवलास?"

"मी फक्त विचारते. ठेवायचं काम तुझं," खिडकी फणकारली. "बारसं थाटात केलंस, पण पाळण्यात बाळ घालायला विसरलास!"

ताईंनी मोर पुन्हा काढला, पण दुसऱ्या प्रोग्राममध्ये. नक्षीकार मात्र अजून मिरवतो, "माझ्याकडे ठेवलेली एकही नक्षी आजवर बिघडलेली नाही!"