न दिलेल्या फांदीची कहाणी

ऐका जास्वंदीबाई, तुमची कहाणी. आणि बायांनो, तुम्हीही ऐका, कुजबुज नंतर.

आटपाट म्हणतात तसं एक नगर होतं. तिथं बायजा माळीण राहायची. मुलगा मुलूखगिरीवर, घरात ती आणि सून येसू. अंगणात लाल जास्वंदीचं झुडूप, अख्ख्या नगरात तेवढं एकच. राजाच्या गणपतीला रोज एकवीस फुलं द्यायची, त्यावर राजानं घर आणि मळा दिलेला. फुलं चुकली की घर गेलं.

पुजारीण आली. "पूजेला हवी, एक फांदी दे." बायजा म्हणाली, नाही. मग कुंभारीण आली. "लेकीचे केस गळतात, तेलात फुलं-पानं उकळीन, एक फांदी दे." नाही. मग परटीण आली. "कुंपणाला लावीन, एक फांदी दे." नाही म्हणजे नाही! फांदी दिली की घरची लक्ष्मी जाते, असं तिनं मनात धरलेलं. भक्ती मात्र काय विचारता! रोज मुळाशी दूध ओतायची, तेल ओतायची, वर हळदकुंकवाचा थर. कोयता कधी लावला नाही.

मग काय झालं? दुधाला मुंग्या लागल्या. मुंग्यांबरोबर पिठासारखी पांढरी कीड आली. कळ्या उमलायच्या आधीच गळू लागल्या. एकविसाची अकरा झाली, अकराची पाच झाली, आषाढात एकच उरलं. ते घेऊन बायजा रडत राजाकडे गेली. राजा म्हणाला, "माघी चतुर्थीपर्यंत मुदत. त्या दिवशी एकवीस नाहीत, तर घर सोड."

इकडे येसू घरी एकटी. दारात एक म्हातारी आली. कपाळावर लालभडक कुंकू, हातात कोयता. म्हणाली, "मुली, झाड मरतंय. गुडघ्याएवढं ठेव, बाकी छाट. वीत-वीत फांद्या कर, खालची पानं काढ, ज्यांनी मागितल्या त्यांना वाट. हाच माझा वसा." येसूनं कोयता हातात घेतला. सासूच्या देवाला कोयता लावायचा! पण लावला. फांद्या वाटून आली, तर म्हातारी कुठंच नव्हती.

बायजा परतली. बघते तर काय, झुडपाच्या जागी खुंट! "अगं बाई, बाई, बाई! काय केलंस गं हे? फांद्या कुठायत?"

"वाटल्या, आत्याबाई."

 बायजानं नेसत्या लुगड्यानिशी सुनेला घराबाहेर काढलं. उरलेली एक फांदी येसूनं पदराखाली घेतली.

खुंटाला कोंभ आले हो! जगला असता. पण बायजानं काय करावं? घाबरून दूध दुप्पट केलं! खुंट कुजला, धरला तर हातात आला. आता काय म्हणावं या बाईला!

माघी चतुर्थी उजाडली. बायजानं गाठोडं बांधलं. तोच पुजारीण दारात, सात फुलं घेऊन. बायजा डोळे चोळत राहिली. मागून कुंभारीण, सात. मागून परटीण, सहा. "तुझ्या येसूनं दिलेल्या फांद्यांची," म्हणाल्या. बायजानं मोजली. वीस! पुन्हा मोजली. वीसच! राजाचा शिपाई दारात उभा. बायजाच्या तोंडचं पाणी पळालं.

मग कुंपणापाशी येसू दिसली. हातात एकच फूल.

"कुंभारणीच्या ओसरीवर राहिले, आत्याबाई. फुटक्या मडक्यात फांदी लावली होती. आज पहिलंच आलं."

एकवीस झाली, शिपाई घेऊन गेला. बायजाला मान वर करवेना. तिनं सुनेचा हात धरला आणि जन्मात कुणाला फांदी न दिलेली ती बाई म्हणाली, "येसू, मला एक फांदी देशील?"

येसू म्हणाली, "कोयता आणा, आत्याबाई."

जशी जास्वंदीबाई येसूला पावली, तशी तुम्हां-आम्हां पावो. जाताना प्रत्येकीनं माझ्या दारची एक फांदी न्या, आणि दूध आपल्या चहाला ठेवा. ही एकविसां फुलांची कहाणी पांचा पाकळ्यांत सुफळ संपूर्ण.