तपकिरी वायसर

फार वर्षांमागे भर समुद्रात एका लढाऊ जहाजावर पिण्याच्या पाण्याची पितळी तोटी गळू लागली. तिच्या आतला वायसर पार झिजला होता. कोठारातल्या डबीत चामड्याचा एक नवा वायसर कधीचा पडून होता. ती टपटप ऐकून त्याचा जीव कासावीस व्हायचा.

"साहेब, मला बसवा ना," तो कोठाराचा कारभार पाहणाऱ्या मोठ्या शिक्क्याला म्हणाला. "अशानं टाकी रिकामी होईल."

शिक्क्याने नियमावली उघडली. "माप बरोबर आहे तुझं. पण इथं काळा वायसर लिहिलाय. तू तपकिरी."

"पण मी तर तोटीच्या आत बसणार! तिथं माझा रंग कोण बघतंय?"

"मला कळतं रे," शिक्का हळूच म्हणाला. "पण उद्या कुणी विचारलं, तर ठसा माझा असणार."

त्याने वायसरच्या नावाने अर्ज लिहून जहाजावरच्या समितीकडे धाडला. समितीने उलट विचारलं, तपकिरी म्हणजे नेमका किती तपकिरी? उत्तर गेलं, मग आणखी एक प्रश्न आला. तोटी गळतच होती.

एके दुपारी टपटप थांबली. वायसर हरखला. "साहेब, कुणाला बसवलं?"

"कुणालाच नाही," शिक्का म्हणाला. "टाकी संपली."

मग त्याने अर्जावर ठसा उमटवला: गळती बंद. नवीन वायसरची आवश्यकता नाही.

वरून खलाशांचे रिकामे पेले तोटीवर आपटल्याचा आवाज येत होता. वायसर डबीत कान देऊन पडून राहिला. निदान एक थेंब तरी गळू दे, असं त्याला वाटत होतं.